झेंडा कुणाचा, गाडी कुणाची

गोंडपिपरीला मुंबई लांब आणि हैदराबाद जवळ. मिरची तोडायला दरवर्षी तेलंगणात जाणाऱ्या आपल्याकडच्या मजुरांना हे सांगायला नको, आणि आजारी माणसाला घेऊन बल्लारशाहला गाडी धरणाऱ्यांनाही नको. ११ फेब्रुवारी २०२३ ला हैदराबादेत हुसेनसागराच्या काठच्या रस्त्यांवर फॉर्म्युला ई ची, म्हणजे विजेवर धावणाऱ्या मोटारींच्या जागतिक स्पर्धेची एक फेरी झाली. मोटार शर्यतीचं मोठं जग आपल्या तालुक्याच्या इतकं जवळ आजवर दुसऱ्यांदा आलेलं नाही. पुढच्या वर्षीची फेरी तेलंगणातलं सरकार बदलल्यावर रद्द झाली.

त्या शर्यतीत महिंद्राचा संघ होता. फॉर्म्युला ई २०१४ साली सुरू झाली तेव्हापासून तो तिच्यात आहे. कंपनी मुंबईची, आणि तिचा ट्रॅक्टर किंवा पिकअप इथल्या कित्येक दारांपुढे उभा असतो. पण त्या दिवशी महिंद्राच्या गाड्या चालवणारे दोघं होते ऑलिव्हर रोलंड आणि लुकास दी ग्रासी. पहिला इंग्लंडचा, दुसरा ब्राझीलचा. भारताचा एकही चालक मैदानात नव्हता. शर्यत जिंकली फ्रान्सच्या जाँ-एरिक व्हर्नने. मग हैदराबादच्या प्रेक्षकानं ओरडायचं कुणाच्या नावानं? लोक अर्थातच महिंद्राच्या बाजूनं ओरडले. चालकाचा पासपोर्ट विचारण्याची गरज कुणाला वाटली नाही.

देशादेशांमधल्या मोटार शर्यतींची ओढ नेमकी कशाची असते, हा या पुस्तकाचा विषय. धावण्याच्या शर्यतीत हा प्रश्न पडत नाही. पळणारा पाय ज्याचा, तो देश त्याचा. मोटारीत तसं नाही. चाक धरणारा एक, इंजिन बनवणारा दुसरा, टायर तिसऱ्याचे, पैसा चौथ्याचा, आणि या चौघांचे चार देश असू शकतात. तरीही गेली सव्वाशे वर्षं माणसं मोटारींवर झेंडे लावून शर्यती लावत आली आहेत. त्यातल्या बहुतेक बंद पडल्या, आणि बंद पडल्या तरी कुणीतरी नव्यानं सुरू करतच राहिलं.

हे परकं वाटत असेल तर आपल्या पटाकडे बघावं. दिवाळी सरली, धान घरात आलं की आपल्याकडे मंडई आणि शंकरपटाचे दिवस येतात. दिवसा पट, रात्री झाडीपट्टीचं नाटक; वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्यांना याच दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नसते. पटाच्या मैदानावर दोन जोड्या शेजारीशेजारी उभ्या राहतात. छकडा म्हणजे नावाला गाडी, चाकं आणि दांडा एवढंच. धुरकरी त्यावर धड उभा नसतो, धड बसलेला नसतो; सगळं अंग पुढे झोकून तो झेंडीकडे बघत असतो. झेंडी पडली की काही सेकंदांत सगळं आटोपतं, आणि हार-जीत सेकंदाच्या तुकड्यावर ठरते. म्हणूनच हल्ली मोठ्या पटांवर हातातल्या घड्याळाऐवजी विजेवर चालणारी यंत्रं लावतात. भोंग्यावरून आधी मालकाचं नाव पुकारतात, मग गावाचं. गर्दीतून आरोळी उठते ती मात्र गावाच्या नावानं. बैल परजिल्ह्यातून लाखभर रुपये मोजून आणलेले असतात. धुरकरी पैसे देऊन बोलावलेला असतो. त्याचं कुणाला काही वाटत नाही. शेजारी बसलेला म्हातारा फक्त एवढंच विचारतो, "कोनत्या गावची जोडी हाय बा?" उत्तर मिळालं की त्याची बाजू ठरते.

या पटांवर २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. राज्यानं २०१७ साली कायदा दुरुस्त केला, तरी प्रकरण कोर्टातच राहिलं. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. सात-आठ वर्षं मैदानं ओस पडली होती. त्या काळात जनावरांच्या हालांबद्दल जे बोललं गेलं त्यात तथ्य होतं, आणि आजही पटाला गेलं की चाबूक आणि खिळा कुठे दिसतो का हे बघितलं पाहिजे. इथे मुद्दा वेगळा आहे. बंदी उठल्याबरोबर लोक पुन्हा मैदानावर आले ते बैलांच्या प्रेमानं जितके, तितकेच आपलं गाव दुसऱ्या गावाच्या पुढे जाताना बघायला. मोटारींच्या शर्यतीत गावाऐवजी देश येतो आणि बैलाऐवजी यंत्र. यंत्र आलं की भांडणं वाढतात, आणि ती फार लवकर सुरू झाली.

जेम्स गॉर्डन बेनेट हा 'न्यूयॉर्क हेराल्ड' या वर्तमानपत्राचा मालक. त्यानं देशादेशांतल्या मोटार शर्यतीसाठी एक चषक ठेवला आणि १९०० ते १९०५ या काळात त्या चषकासाठी सहा शर्यती झाल्या. नियम कडक होते. प्रत्येक देशाच्या मोटार क्लबनं जास्तीत जास्त तीन गाड्या उतरवायच्या, आणि गाडीचा एकूण एक भाग त्याच देशात बनलेला हवा. इंजिन तर आलंच, टायरसुद्धा. जो देश जिंकेल त्यानं पुढची शर्यत भरवायची. देशांच्या गाड्या ओळखू याव्यात म्हणून रंग ठरू लागले ते याच काळात. फ्रान्स निळा, जर्मनी पांढरा, इंग्लंड हिरवा. इटलीचा लाल थोडा मागाहून आला. आज फेरारी लाल का, याचं मूळ इथं आहे.

या सहांपैकी १९०३ ची शर्यत जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. आदल्या वर्षी सेल्विन एज यानं नेपिअर गाडीतून इंग्लंडला चषक मिळवून दिला होता, त्यामुळे यजमानपद इंग्लंडकडे आलं. पण इंग्लंडात रस्त्यावर वेगाची मर्यादा इतकी कमी होती की शर्यत घेणं बेकायदा ठरलं असतं. तेव्हा पार्लमेंटनं खास आयर्लंडपुरता कायदा केला आणि २ जुलै १९०३ ला अथाय गावाच्या भोवतालच्या रस्त्यांवर पाचशेहून जास्त किलोमीटरची शर्यत झाली. जर्मनीनं नव्वद अश्वशक्तीच्या नव्या मर्सिडीज तयार ठेवल्या होत्या. शर्यतीच्या काही आठवडे आधी कान्स्टाटच्या कारखान्याला आग लागली आणि त्या जळून गेल्या. मग कंपनीनं आधी विकलेल्या साठ अश्वशक्तीच्या गाड्या गिऱ्हाइकांकडून परत मागून घेतल्या. त्यातली एक एका अमेरिकन धनिकाची होती. ती चालवायला बसला कामी जेनाट्झी, आणि तो होता बेल्जियमचा. लाल दाढीमुळे आणि बेफाम चालवण्यामुळे लोक त्याला लाल सैतान म्हणत. १८९९ साली ताशी शंभर किलोमीटरचा पल्ला जगात पहिल्यांदा ओलांडणारा तोच, आणि तेही विजेच्या गाडीतून. अमेरिकन मालकाची गाडी, बेल्जियन चालक, आयरिश रस्ता. आणि विजय नोंदला गेला जर्मनीच्या नावावर. जर्मनीत त्याचा आनंद काही कमी झाला नाही. स्क्रू न् स्क्रू स्वदेशी हवा असं सांगणाऱ्या नियमात चालकाचा देश निर्णायक नव्हता. पटाच्या मैदानावरचा आपला म्हातारा हे ऐकून मान डोलावेल.

फ्रान्सनं सहापैकी चार शर्यती जिंकल्या आणि तरीही ही स्पर्धा मोडली ती फ्रान्सनंच. मोटारी बनवणारे सर्वात जास्त कारखाने तेव्हा फ्रान्समध्ये होते आणि त्यांनाही तीनच गाड्यांची मुभा. एखादाच कारखाना असलेल्या देशालाही तीनच. फ्रेंच कारखानदारांना हा अन्याय वाटला. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही वाटला असता. १९०६ साली त्यांनी ल मांजवळ स्वतःची शर्यत भरवली. तिच्यात देशाला मर्यादा नव्हती, कारखान्याला होती. हीच पहिली ग्रां प्री. ती रेनोच्या गाडीनं जिंकली आणि ती गाडी चालवत होता फेरेंत्स सिस नावाचा हंगेरियन. पुढे शतकभर मोटार शर्यत याच वाटेनं गेली. देश मागे पडला, कंपनी पुढे आली. १९६८ साली लोटस संघानं इंग्लंडचा हिरवा रंग पुसून गाडीवर सिगारेटच्या पाकिटाचे रंग चढवले, तेव्हा रंगांचंही राज्य संपलं.

मधल्या काळात देश सर्वस्वी गेला नव्हता. उलट १९३० च्या दशकात तो फार वाईट रीतीनं परत आला होता. हिटलरच्या सरकारनं मर्सिडीज आणि ऑटो युनियन या दोन कंपन्यांना पैसा पुरवला आणि त्यांच्या चंदेरी गाड्या युरोपभर जिंकत सुटल्या. जुलै १९३५ मध्ये न्युर्बुर्गरिंगवर जर्मन ग्रां प्री होती. समोर जर्मन सरकारची माणसं, लाखोंचा जमाव. त्यात इटलीचा ताझिओ नुव्होलारी जुन्या, कमी ताकदीच्या अल्फा रोमिओत बसून आला. शेवटच्या फेरीत पुढे असलेल्या मर्सिडीजचा टायर फुटला आणि नुव्होलारी जिंकला. मोटार शर्यतीच्या इतिहासातली ही सर्वात गाजलेली चपराक. पण इथेही जरा थांबून बघायला हवं. नुव्होलारीच्या मागेही मुसोलिनीचा इटली होता. एका हुकूमशाहीला दुसरीनं दिलेल्या चपराकेवर टाळ्या वाजवताना हात थोडे आखडते घ्यावेत हे बरं. देशाभिमानाच्या शर्यतीची ही बाजू या विषयावर लिहिणारे बरेचदा गाळतात. कौशल्य नुव्होलारीचं होतं, तेवढं डोळे झाकून मानावं.

आता ज्या स्पर्धेमुळे आजच्या वाचकाला या विषयाची गोडी लागू शकते, तिच्याकडे येतो. दुबईच्या राजघराण्यातल्या शेख मक्तूम हशर अल मक्तूम यांच्या डोक्यातून निघालेली ए-वन ग्रां प्री सप्टेंबर २००५ मध्ये इंग्लंडच्या ब्रँड्स हॅचवर सुरू झाली. फुटबॉलचा असतो तसा मोटारींचा विश्वचषक, ही कल्पना. हंगाम युरोपातल्या हिवाळ्याचा धरला, म्हणजे फॉर्म्युला वन झोपलेली असताना ही जागी. गॉर्डन बेनेटचा पेच इथे उलट्या बाजूनं सोडवला होता. त्यानं गाडी स्वदेशी हवी म्हटलं होतं. यांनी सगळ्यांना एकच गाडी दिली. लोलाचा सांगाडा, झायटेकचं इंजिन, टायरही सारखे. चालक मात्र त्या देशाचाच हवा. गाडीच्या अंगावर देशाचा झेंडा पसरलेला. यंत्राचा हिशेब बाजूला पडला आणि उरला तो माणूस आणि झेंडा.

ही मांडणी मला अजूनही सगळ्यात प्रामाणिक वाटते. फॉर्म्युला वन बघणाऱ्या नवख्या माणसाला आधी समजवावं लागतं की अमुक गाडी वेगवान का आणि तमुक चालक चांगला असून मागे का. ए-वनमध्ये असं काही समजवावं लागत नव्हतं. मागे पडला तर तुमचा माणूस कमी पडला, किंवा चाक बदलणारी माणसं कमी पडली. थांब्यावर चाकं बदलणं हा शर्यतीचाच भाग होता. एका गाडीभोवती माणसं वाकलेली, बंदुकीसारखं यंत्र घेऊन चाकाचा नट सुटतो, जुनं चाक मागे जातं, नवं बसतं, नट पुन्हा आवळला जातो. एखादा नट आडवा बसला की दहा सेकंद गेले, आणि वीस-पंचवीस फेऱ्यांत एकेका दशांशानं कमावलेलं सगळं तिथेच पाण्यात. आष्टी रोडवरच्या गॅरेजात ट्रकचं चाक उतरवताना घामाघूम झालेल्या पोरांना हे दृश्य दाखवून बघा. चालकापेक्षा त्यांचे डोळे त्या नटावर असतील.

पहिल्या हंगामापासून भारताचा संघ होता आणि पाकिस्तानचाही. हे दोन देश एकाच मैदानात, एकसारख्या यंत्रानं भिडल्याची उदाहरणं फार नाहीत. पाकिस्तानसाठी ॲडम खान हा ब्रिटनमध्ये वाढलेला चालक उतरला, भारतासाठी चेन्नईचा करुण चंडोक आणि त्या वेळी अवघ्या सोळा वर्षांचा अरमान इब्राहिम. सुरुवातीला भारताची गाडी मागेच राहायची. मग कोइम्बतूरचा नारायण कार्तिकेयन आला. तो २००५ साली जॉर्डन संघातून फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय. डिसेंबर २००७ मध्ये चीनमधल्या झुहाई इथं त्यानं मुख्य शर्यत जिंकली आणि ए-वनमध्ये भारताचा झेंडा पहिल्यांदा सर्वात वर गेला. पुढच्या मे महिन्यात ब्रँड्स हॅचवर त्यानं तेच पुन्हा केलं. २०१० साली त्याला पद्मश्री मिळाली.

या दोन विजयांची आठवण आज फारशी कुणाला नाही, याला कारण त्या स्पर्धेचं मरण. फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड आणि आयर्लंड असे चार हंगामांचे चार विजेते झाले. चौथ्या हंगामात गाड्या फेरारीच्या आल्या, खर्च वाढला. ऑक्टोबर २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात पाचवा हंगाम सुरू व्हायचा होता. प्रेक्षकांची तयारी होती, ट्रॅक तयार होता, गाड्या मात्र पोहोचल्याच नाहीत. स्पर्धेचा इंग्लंडमधला कारभार दिवाळखोरीत निघाला होता आणि गाड्या तिथेच अडकल्या होत्या. नंतर ती स्पर्धा कधीच भरली नाही. दोष कल्पनेचा नव्हता. देशाच्या नावानं शर्यत लावली तरी देश काही त्यात पैसे घालत नाही. संघ चालवण्याचे हक्क खासगी लोकांनी विकत घेतले होते आणि त्यांना परतावा हवा होता. झेंड्याला जाहिरातदार मिळतो तो जिंकत असेपर्यंतच. पटाचा खर्च गाव वर्गणीतून उचलतं. विमानानं पंचवीस मोटारी जगभर फिरवायच्या तर तसली वर्गणी कोण काढणार?

फॉर्म्युला वनमध्ये भारत वेगळ्याच वाटेनं आला. २००८ ते २०१८ या काळात फोर्स इंडिया नावाचा संघ होता. नावात इंडिया, अंगावर तिरंग्याचे रंग. कारखाना मात्र सिल्व्हरस्टोनला. भारतीय चालक तिथे मुख्य शर्यतीत कधी उतरला नाही. २००९ साली बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर इटलीच्या जानकार्लो फिसिकेलानं या संघासाठी सुरुवातीची सर्वात पुढची जागा मिळवली आणि शर्यतीत दुसरा आला. विजय या संघाला कधीच मिळाला नाही, त्यामुळे फॉर्म्युला वनच्या मंचावर विजेत्यासाठी 'जन गण मन' आजवर वाजलेलं नाही. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशा तीन भारतीय ग्रां प्री झाल्या आणि तिन्ही जर्मनीच्या सेबास्टियन फेटेलनं जिंकल्या. मग करांचे वाद निघाले आणि तेही थांबलं.

महाराष्ट्राचा हिशेब मांडायचा तर तो तुकड्यातुकड्यांचा आहे. स्वातंत्र्यानंतरच्या काळात मुंबईत जुहूच्या धावपट्टीवर शर्यती होत. पुढे सूत्रं चेन्नई-कोइम्बतूरकडे गेली, कारण ट्रॅक तिकडे उभे राहिले आणि कारखानेही. आपल्याकडे कोल्हापुरानं कार्टिंगचं वेड जपलं. तिथला कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोहोचला. पुण्याचे संजय टकले आशियातल्या रॅल्या करत डाकार रॅलीपर्यंत गेले. पुण्याच्याच डायना पंडोले यांनी २०२४ साली मोटारींच्या शर्यतीत राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. असं करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. मुंबईच्या जेहान दारूवालानं डिसेंबर २०२० मध्ये बहारीनला फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली, आणि तिथेही पहिला भारतीय तोच. मुंबईचं नाव लावणारा मुंबई फाल्कन्स हा संघ आशियाई स्पर्धांमध्ये उतरतो. त्याच्यातून २०२२ चं विजेतेपद मिळवलं मोनॅकोच्या आर्थर लक्लेर्कनं आणि २०२३ चं इटलीच्या आंद्रेआ किमी अँटोनेलीनं. आज अँटोनेली मर्सिडीजमधून फॉर्म्युला वन खेळतो. पटाला परगावचा धुरकरी बोलवावा, तसाच हा व्यवहार.

चाकणचं उदाहरण याहून मजेशीर आहे. ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीच्या मोटारसायकलींनी २००१ ते २०१९ पर्यंत डाकार रॅली एकदाही हातची जाऊ दिली नाही. त्या कंपनीत पुण्याच्या बजाजचा पैसा २००७ पासून आहे आणि केटीएमच्या छोट्या गाड्या चाकणला बनतात. डाकार जिंकणारी गाडी ऑस्ट्रियातच तयार होते, हे खरं. तरी चाकणच्या असेंब्ली लाइनवर उभ्या असलेल्या मुलाला त्या विजयात आपला थोडा वाटा वाटला, तर त्याला चूक म्हणता येणार नाही.

देशादेशांतल्या शर्यती आज संपलेल्या नाहीत, एवढं नोंदवायला हवं. मोटारसायकलींची मोटोक्रॉस ऑफ नेशन्स १९४७ पासून चालू आहे. तिच्यात देशाचे तीनच स्वार असतात, प्रत्येकाला दोन धावा, आणि सहा निकालांतला सर्वात वाईट सोडून उरलेल्या पाचांची बेरीज होते. एकट्या तारांकित स्वारानं काम भागत नाही. तिसरा कच्चा असला की देश घसरतो. जागतिक मोटार महासंघ २०१९ पासून मोटार खेळांचे सामने भरवतो. त्यात ऑलिम्पिकसारखी पदकं असतात. रेस ऑफ चॅम्पियन्स नावाच्या स्पर्धेत देशाची जोडी उतरते. मिखाएल शूमाखर आणि सेबास्टियन फेटेल या जर्मन जोडीनं २००७ ते २०१२ असे लागोपाठ सहा वेळा तिथला देशांचा चषक नेला. त्यातल्या शेवटच्या वर्षी बँकॉकला आशिया गटात कार्तिकेयन आणि चंडोक ही भारताची जोडी पहिली आली होती.

या सगळ्याला आक्षेप आहेत आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. शर्यत म्हणजे श्रीमंतांचा खेळ, हा पहिला. तो खराच आहे. कार्टिंगच्या एका हंगामाचा खर्च इथल्या सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यातला नाही. दुसरा आक्षेप जिवाचा. मे १९०३ मध्ये पॅरिस ते माद्रिद शर्यत लावली होती. मार्सेल रेनोसह इतकी माणसं गेली, त्यात रस्त्याकडेला उभे असलेले लोकही होते, की फ्रान्स सरकारनं ती बोर्डोलाच थांबवली. आयर्लंडची शर्यत त्यानंतर सहाच आठवड्यांत झाली, पण बंद केलेल्या, पहारा ठेवलेल्या रस्त्यांवर. मोकळ्या रस्त्यावरची शर्यत आणि बंद रस्त्यावरची शर्यत हे दोन वेगळे खेळ आहेत, हे जग तेव्हापासून शिकत आलं आहे.

आपल्याकडे हा धडा अजून पोहोचायचा आहे. सुरजागडचं लोहखनिज घेऊन ट्रक आष्टीमार्गे धावतात आणि त्यांच्या धुळीत समोरचं दिसत नाही. राजुरा-बल्लारपूर पट्ट्यात कोळशाचे ट्रक त्यांच्या जोडीला. त्याच रस्त्यावर दोन दुचाकी एकमेकींना मागे टाकायला निघालेल्या दिसतात. हेल्मेट टाकीवर ठेवलेलं असतं, तेही असलं तर. हे पुस्तक वाचून कुणाच्या मनात वेगाची हौस जागी झाली तर हरकत नाही. पण ती कोठारीच्या वळणावर भागवायची नाही.

मग गोंडपिपरीच्या पोरानं या खेळात जायचं कुठून? चालकाच्या खुर्चीतून नाही, असं मला स्पष्ट वाटतं. त्या खुर्चीची किंमत फार आहे आणि ती बालपणापासून मोजावी लागते. पण एका चालकामागे डझनावारी माणसं लागतात. इंजिन समजणारी, वेल्डिंग करणारी, आकडे वाचणारी, नट आडवा बसू न देणारी. देशभरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांची बाहा स्पर्धा २००७ पासून मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला भरत आली आहे आणि तिला बरीच वर्षं महिंद्राचाच आधार होता. तिथं मुलं स्वतः एका माणसाची, खाचखळग्यांतून जाणारी गाडी बांधतात, आणि इंजिन सगळ्यांना सारखंच वापरायचं असतं. म्हणजे ए-वनचाच नियम, झेंड्याच्या जागी महाविद्यालयाचं नाव. मुंबई आयआयटीची मुलं तर स्वतः बांधलेली विजेची रेसिंग गाडी घेऊन सिल्व्हरस्टोनला जाऊन आली आहेत. चंद्रपूरला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आयटीआय तालुक्यातालुक्यांत आहेत. ज्या शिक्षकांच्या हाती हे पुस्तक पडेल त्यांना माझी एकच विनंती. वर्गातल्या ज्या मुलाला ट्रॅक्टरचं इंजिन उघडलेलं दिसलं की पाय उचलवत नाहीत, त्याच्या हातात हे पुस्तक आधी द्या, आणि बाहाच्या संघात जागा कशी मिळते याची चौकशी त्याच्यासाठी तुम्ही स्वतः करा.